गोड पाण्याचं बंदर

एकतीस वर्षं मी भरती केली.
खडकवासल्याला, धरणाच्या खालच्या अंगाला,
पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये,
जिथे अख्खं मुंबई बंदर सिमेंटमध्ये ओतलं होतं:
खाड्या, बेटं, गोदीच्या भिंती,
चारशे हातांचं अंतर एका हातात.
झडप उघडली की समुद्र चढायचा.
आठ-साडेआठ मिनिटांत भरती,
तेवढ्याच वेळात ओहोटी,
मधे साहेबांचा चहा.

पाणी धरणाचं, म्हणजे गोड.
माझगावात बेडूक यायचे.
एकदा धामण निघाली,
घारापुरीला वळसा घालून उरणकडे गेली
आणि साहेब म्हणाले,
पायगुडे, प्रवाहाची दिशा बरोबर आहे.
कागदाचे कपटे सोडायचो पाण्यावर, ओढ कळावी म्हणून.
संध्याकाळी मीच ते गाळणीने गोळा करायचो.
करंजाच्या डोंगरावर बसून डबा खाल्लाय मी
पाय खाली समुद्रात सोडून.
मुंबई मी अशी पाहिली,
वरून, उकिडवा, हातात खराटा.

खरी पाहिली रिटायर झाल्यावर,
तीही कलावतीच्या हट्टाने.
भाऊच्या धक्क्यावर रेवसची लाँच धरली.
ती म्हणाली, दाखवा आता तुमचं बंदर.
मी बघतोय, बघतोय,
काही ओळखूच येईना.
जहाजांची गंजकी पोटं अंगावर येत होती,
डिझेलचा वास, सुकटीचा वास.
वास आमच्याकडे नव्हता.
ती घारापुरी असावी, मी म्हटलं.
खलाशी म्हणाला, काका, ती कधीच मागे गेली.
हे समोर आलं ते करंजा.

मान वर करून बघावं लागलं मला.

अलिबागला एका घरगुती खानावळीत उतरलो.
मालकीण म्हणाली, सुरमई कशाला, मांदेली ताजी आहे.
रेवदंड्याला तटबंदीच्या आत नारळाच्या वाड्या,
एका दारात पोर पाढे म्हणत होतं,
बाहेर तोफ उन्हात पडलेली.
कलावतीने तिच्यावर हात ठेवला आणि चटकन काढला.

मग किहीम.
तिने चपला काढल्या, विचारलं, कुठे ठेवू?
मी वाळू बघितली, ओली रेघ बघितली, घड्याळ बघितलं.
ठेव तिथेच, म्हटलं,
पाणी इथवर यायला अजून तास आहे.
एकतीस वर्षांच्या नोकरीचा शब्द होता.
पाव तासात डावी चप्पल गेली.
मी गुडघाभर पाण्यात धावलो,
तोंडात खारट पाणी गेलं,
पहिल्यांदाच.
कलावती वाळूवर बसून हसत होती,
पदराने डोळे पुसत, पुन्हा हसत.
जाळं निवडणारी एक बाई म्हणाली,
अहो, तिथी मोजायची. तिथीची पाऊणपट केली
की भरतीची वेळ येते, बोटांवर.
आम्ही त्यासाठी आलेखाचे कागद
किती रिमं संपवले, ते तिला सांगितलं नाही.

परतताना अलिबागच्या स्टँडवर निळ्या स्लिपर घेतल्या.
उजवी चप्पल मात्र तिने टाकू दिली नाही,
पिशवीत घालून खोपोली, घाट, स्वारगेट,
आणि सिंहगड रोडच्या गर्दीतून घरी, किरकटवाडीला.
गल्लीत सगळ्यांना किस्सा कळला.
परवा जुना सहकारी भेटला, म्हणाला, आपलं बंदर फोडलं.
त्या जागी दुसरं कुठलंसं ओततायत.
राडारोडा कुठे टाकला, मी विचारलं.
त्याला माहीत नव्हतं.

आज षष्ठी. कलावती ओट्यापाशी बोटं मोजते:
सहाची पाऊणपट साडेचार.
खिडकीत उजवी चप्पल, अजून वाळू झडते तिच्यातून.
माझ्या चपलेपर्यंत आलं असेल बघा पाणी, ती म्हणते.
मी घड्याळ बघतो. चार वीस.
अजून दहा मिनिटं आहेत, म्हणतो.

ती माझ्याकडे नुसती बघते.